दाण्यांची घराणी

भुईमुगाची एक शेंग हातात घ्या आणि ती कोणत्या जातकुळीची, हे चार जणांना विचारा. कृषी खात्यातला माणूस सांगेल, गळीत धान्य. वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या बाई सांगतील, तूर, मूग, मसूर यांच्याच कुळातली द्विदल. एकादशीचा फराळ मांडणाऱ्या आजी सांगतील, उपासाला चालते. तूर-मुगाला मात्र त्या दिवशी ताटात जागा नाही. व्यायामशाळेतून आलेला नातू तिला 'नट' म्हणेल आणि तिचं लोणी ब्रेडला फासेल. बिस्किटाच्या पुड्यावर ॲलर्जीची सूचना छापलेली असते, तिथे हीच शेंग बदाम-काजूंच्या शेजारी बसलेली दिसेल. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेला विचाराल, तर कडधान्यांच्या यादीत ती नाहीच, कारण ती मुख्यतः तेलासाठी पिकवली जाते.

यातलं कोणीही चुकीचं सांगत नाही. प्रत्येकाने शेंगेला वेगळा प्रश्न विचारला आहे. खात्याला तेलाचा उतारा पाहायचा आहे, बाईंना फुलाची ठेवण, आजींना घरची रीत, पुडा छापणाऱ्याला कोणाचा घसा सुजेल याची काळजी. खाण्याच्या बिया, धान्यं, डाळी आणि सुका मेवा यांची वर्गवारी हा या पुस्तकाचा विषय आहे. शास्त्रज्ञांची यादी तेवढी खरी आणि बाकीच्या अडाणी, अशा समजुतीने कोणी हे पुस्तक उघडलं असेल तर ती समजूत पहिल्या प्रकरणातच बाजूला ठेवावी लागेल. शास्त्राची यादी पक्की आहे, पण ती शास्त्राच्या प्रश्नापुरती. मात्र सगळ्या याद्यांचं वजन सारखं नाही. काही याद्या नुसत्या पाठ करायच्या असतात. काही याद्यांवर कोणत्या रानात काय पेरलं जाणार हे ठरतं.

सुरुवात शास्त्रापासून करू, कारण त्याला प्रयोगशाळा लागत नाही. रात्री एका वाटीत हरभरे आणि दुसऱ्या वाटीत गहू भिजत घाला. सकाळी एक हरभरा चिमटीत दाबा. साल सुटून येते, आत दोन जाड पाकळ्या निघतात आणि त्या जिथे जुळतात तिथे एक वाकडा कोंब दिसतो. कोरड्या हरभऱ्याला जे टोक असतं ते या कोंबाचंच. पाकळ्या म्हणजे रोपाची पहिली दोन पानं, अन्न साठवून फुगलेली. डाळ पडते ती या दोन पाकळ्यांमुळे, आणि भरडताना कोंब गळून जातो म्हणून डाळीला मोड येत नाहीत. आता गहू घ्या. कितीही दाबा, त्याची डाळ पडणार नाही. एका अंगाला खाच, बुडाशी बारीकसा अंकुर आणि बाकी सगळा पिठाचा साठा. शास्त्रात या साठ्याला भ्रूणपोष म्हणतात. दाण्याच्या वजनात सुमारे ८३ टक्के वाटा त्याचा, कोंड्याचा १४ टक्क्यांच्या आसपास आणि अंकुराचा जेमतेम अडीच-तीन टक्के. कोंडा आणि अंकुर काढून टाकला की उरतो तो मैदा.

शिवाय गव्हाचा दाणा हे नुसतं बी नाही, ते अख्खं फळ आहे. फळाची साल आणि बियाची साल एकमेकींना इतक्या चिकटलेल्या असतात की त्या वेगळ्या करता येत नाहीत. ज्वारी, बाजरी, मका, तांदूळ यांचंही तेच. नाचणी तेवढी निराळी. तिच्या दाण्यावर फळाची साल पातळ पापुद्र्यासारखी सुटी असते आणि मळणीतच झडून जाते. हे सगळे गवताच्या कुळातले. ऊस आणि बांबूही त्यांचे भाऊबंद. हरभरा, तूर, मूग, उडीद, मटकी, मसूर, चवळी, वाल, कुळीथ, घेवडा, वाटाणा, सोयाबीन आणि आपला भुईमूग शेंगेच्या कुळातले. पहिल्या घराण्याने पिष्ट साठवलं, दुसऱ्याने प्रथिनं. तांदळात प्रथिनं सात टक्क्यांच्या आसपास, तुरीत बावीसच्या, सोयाबीनमध्ये पस्तीसच्या वर. गव्हा-तांदळाच्या प्रथिनांत लायसिन कमी पडतं आणि डाळींच्या प्रथिनांत मेथिओनिन. वरण-भात, भाकरी-पिठलं, खिचडी या जोड्या कोणी कागदावर हिशोब मांडून ठरवल्या नव्हत्या, पण हिशोब बरोबर निघाला.

कुळांचा शोध घेत गेलं की काही ओळखीचे चेहरे भलत्याच घरात भेटतात. राजगिरा गवत नाही. तो पालक, चाकवत, बीट यांच्या गोतावळ्यातला. दक्षिण अमेरिकेतून आलेला आणि हल्ली मॉलमध्ये महागड्या पाकिटात मिळणारा क्विनोआ तर चाकवताच्याच प्रजातीतला. उत्तरेत उपासाला चालणारा कुट्टू आपल्या आंबट चुक्याच्या कुळातला. म्हणजे दाणा धान्यासारखा आणि गोत पालेभाजीचं. सुक्या मेव्याकडे वळलं तर आणखी गंमत. काजू, पिस्ता, चारोळी, बिब्ब्यातली गोडंबी हे चौघेही आंब्याच्या कुळातले. काजूच्या टरफलातला चीक हाताला लागला की कातडी सोलून निघते आणि बिब्बा अंगावर उततो, यामागे हेच नातं आहे. कोकण-गोव्यात पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलमधून आणलेल्या या झाडाचा रसाळ बोंडू म्हणजे फुगलेला देठ; खरं फळ म्हणजे खाली लोंबणारी बी. बदाम गुलाबाच्या कुळातला आणि जर्दाळूचा सख्खा नातलग. जर्दाळूची आठळी फोडून आतला गर ज्यांनी खाल्ला असेल त्यांना हे वेगळं सांगायला नको.

वनस्पतिशास्त्राच्या काटेकोर व्याख्येत 'नट' म्हणजे कठीण कवचाचं, आपोआप न उकलणारं, सहसा एकाच बियाचं सुकं फळ. या व्याख्येत हेझलनट आणि चेस्टनट बसतात. बदाम, काजू, पिस्ता बसत नाहीत. बाजारात मिळणाऱ्या 'मिक्स नट्स'च्या डब्यात शास्त्राच्या मते नट फारच थोडे असतात. नारळाचं तर सरकारदरबारीही घर बदललं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ॲलर्जीच्या सूचनेसाठी नारळाला अनेक वर्षं झाडावरच्या नट्समध्ये धरलं होतं. जानेवारी २०२५ मध्ये तो त्या यादीतून काढला. कोकणातल्या माणसाला या दोन्ही निर्णयांचं सारखंच आश्चर्य वाटेल.

आपल्याकडे ही वर्गवारी फार जुनी आहे आणि ती गाफीलपणे केलेली नाही. रुद्रानंतर म्हटल्या जाणाऱ्या चमकात बारा धान्यं मागितली आहेत: साळी, जव, उडीद, तीळ, मूग, गहू, मसूर, राळा, सावा, रानात आपोआप उगवणारं नीवार वगैरे. तिथे गवत आणि शेंग असा भेद नाही. जे पोट भरतं ते सगळं एका ओळीत. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातल्या सत्ताविसाव्या अध्यायात मात्र वर्ग पाडलेले दिसतात. शूकधान्य म्हणजे कुसळाचं आणि शमीधान्य म्हणजे शेंगेचं, हे पहिले दोन. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाशाने पाच केले: शालि, व्रीहि, शूक, शिंबी आणि क्षुद्र. राळा, सावा, कोद्रा हे क्षुद्र धान्यात गेले. चरकांची दोन घरं आजच्या गवत-कुळाशी आणि शेंग-कुळाशी बरीचशी जुळतात. एक अपवाद ठळक आहे: तीळ त्यांनी शमीधान्यात टाकला. तीळ शेंगेच्या कुळातला नाही, पण त्याचं बोंड उभं चिरतं आणि आत दाणे रांगेने बसलेले असतात. डोळ्यांनी बघून वर्ग करणाऱ्याला ते शेंगेसारखंच वाटणार. उलट बदाम, अक्रोड हे चरकांनी फळांच्या वर्गात ठेवले, आणि तिथे आधुनिक शास्त्र त्यांच्या जवळ येऊन उभं राहतं.

कौटिल्याला औषधी गुणांशी कर्तव्य नव्हतं, त्याला सरकारी शेतीचा महसूल पाहायचा होता. सीताध्यक्षाच्या, म्हणजे सरकारी शेती पाहणाऱ्या अधिकाऱ्याच्या, प्रकरणात त्याने धान्यं पेरणीच्या काळाप्रमाणे लावली आहेत. आधी भात, कोद्रा, तीळ, राळा, वरी. मध्ये मूग, उडीद. शेवटी करडई, मसूर, कुळीथ, जव, गहू, वाटाणा, जवस, मोहरी. तलाठ्याच्या पीकपाहणीतल्या खरीप-रब्बीशी हे ताडून पाहा.

शेतकऱ्याची स्वतःची वर्गवारी याहून खोल जाते, आणि या पुस्तकात मी तिला मुद्दाम जास्त पानं दिली आहेत. तो दाण्याआधी रानाचा विचार करतो. यंदा काय घेतलं यापेक्षा त्याच्या मागे काय येईल हे त्याला महत्त्वाचं. त्यासाठी त्याच्याजवळ 'बेवड' हा शब्द आहे. हरभऱ्याचा बेवड चांगला, भुईमुगाचा बेवड चांगला. ज्वारीमागे ज्वारी घेतली की रान थकतं. याचं कारण जमिनीखाली आहे. फुलोऱ्याच्या सुमारास भुईमुगाचं किंवा चवळीचं रोप हलक्या हाताने उपटा आणि मुळांवरची माती झटका. मुळांना बारीक गाठी दिसतील, काही बाजरीच्या दाण्याएवढ्या, काही थोड्या मोठ्या. एखादी नखाने फोडा. आतून लालसर गुलाबी निघाली तर तिचं काम चालू आहे. पांढरट किंवा हिरवट निघाली तर नाही. त्या गाठीत राहणारे जिवाणू हवेतला नत्र झाडाला वापरता येईल अशा रूपात आणून देतात. हे कोडं जर्मनीत हेलरीगेल आणि विलफार्थ यांनी १८८६ साली उलगडलं. त्याच्या कितीतरी आधीपासून बाजरीत मटकी, हुलगा, तूर मिसळून पेरणारा माणूस त्याचा फायदा घेत आला होता.

भुईमुगाचं आणखी एक वैशिष्ट्य रानातच बघण्यासारखं आहे. पिवळं फूल सकाळी उमलतं आणि त्याच दिवशी कोमेजतं. मग त्याच्या बुडापासून एक दांडी खाली वाढू लागते, तिला आरी म्हणतात. आऱ्या जमिनीत घुसल्या तरच शेंग धरते. वरच राहिल्या तर नाही. म्हणून आऱ्या सुटू लागल्या की पिकावरून रिकामा ड्रम फिरवतात, म्हणजे त्या मातीला टेकतात. फुलाने जमिनीवर यायचं आणि फळाने जमिनीखाली जायचं, अशी रीत शेंगेच्या कुळात फार थोड्यांची आहे.

दाणा शेतातून निघाला की तो भुसार बाजारात येतो, आणि तिथून डाळ गिरणीत. गिरणीवाल्याला ना कुळाशी घेणं ना बेवडाशी. त्याचा प्रश्न एकच: साल किती सहज सुटते? हरभरा, मसूर, वाटाणा सोपे. तूर, उडीद आणि मूग चिवट, कारण त्यांच्या सालीखाली डिंकासारखा थर असतो. म्हणून तुरीला तेलाचा हात लावायचा, पाणी मारायचं, ढीग करून मुरू द्यायची, उन्हात वाळवायची आणि मग पुन्हा फिरवायची. जळगाव, अकोला, लातूरच्या गिरण्यांत आज हे काम यंत्रांवर होतं. घराघरांत जातं होतं तेव्हा ते अंगणात व्हायचं. तूर महाग का, याचं एक उत्तर त्या डिंकाच्या थरातही आहे, हे ग्राहकाला कोणी सांगत नाही.

स्वयंपाकघराची वर्गवारी या सगळ्यांहून बारीक आहे. मटकी, मूग, कुळीथ, चवळी ही मोडाची कडधान्यं. वालाला मोड आणायचे आणि मग एकेक दाणा सोलत बसायचं, तेव्हा कुठे डाळिंब्यांचं बिरडं होतं. तूर डाळीची, उडीद डाळीचा आणि पापडाचा. हरभरा सगळीकडे: ओला, भिजवलेला, भाजलेला, डाळ, डाळं, बेसन. कोकणात ज्याची कुळथाची पिठी होते त्याचेच देशावर हुलग्याचे शेंगोळे आणि माडगं. हे फरक कोणत्याही तक्त्यात नाहीत. पण मऊ शिजणारं कोणतं, चिकटपणा देणारं कोणतं, उकळीत फुटून जाणारं कोणतं, हे कळल्याशिवाय कोणाला आमटी करता येणार नाही.

त्यातच ओला आणि वाळला हा भेद. भोगीच्या भाजीत पडणारे हरभऱ्याचे सोलाणे, पावट्याचे दाणे, मटार यांना कोणी कडधान्य म्हणत नाही, ती भाजी. विदर्भात तुरीच्या सोल्यांची भाजी होते तेव्हा तूरही भाजीच असते. तेच दाणे झाडावर वाळले की कडधान्य. अन्न व कृषी संघटनेचा नियमही हाच आहे: कोरडा काढला तर कडधान्य, हिरवा तोडला तर भाजीपाला. एकाच झाडाला पंधरा-वीस दिवसांच्या अंतराने दोन याद्यांत घालणारा हा नियम आपल्या भाजीवालीला कोणी शिकवावा लागला नव्हता. हुरड्याचा प्रश्न तेवढा कोणी सोडवलेला नाही. ज्वारी आहे म्हणून धान्य म्हणावं, तर तो भाजून चटणीशी खातात. भाजी म्हणावं, तर कोणाची हिंमत होणार नाही.

न्यायालयांनाही हा विषय चुकला नाही. न्यूयॉर्क बंदरात आलेल्या पांढऱ्या घेवड्यावर कोणत्या नावाखाली जकात घ्यायची, हा वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. घेवडा म्हणजे 'बियाणं' की 'भाजी'? १८८९ साली न्यायालयाने म्हटलं की वनस्पतिशास्त्रात घेवडा आणि अक्रोड दोन्ही बियाच आहेत, पण व्यापारात आणि रोजच्या बोलण्यात त्यांना कोणी बिया म्हणत नाही, म्हणून जकातीसाठीही ते बिया नव्हेत. चार वर्षांनी टोमॅटोच्या गाजलेल्या खटल्यात हाच युक्तिवाद पुन्हा वापरला गेला. आज जगभरच्या बंदरांत १९८८ पासून लागू असलेली एकच संकेतांक-पद्धत चालते. तिच्यात वाळलेली कडधान्यं सातव्या प्रकरणात, म्हणजे भाजीपाल्यात आहेत; काजू-बदाम आठव्या प्रकरणात फळांबरोबर; गहू-तांदूळ दहाव्यात; सोयाबीन आणि भुईमूग बाराव्यात, तेलबियांत. म्यानमारहून किंवा आफ्रिकेतून तूर येते तेव्हा कागदोपत्री ती भाजी म्हणूनच उतरते.

उपासाची यादी कायद्याच्या यादीहून कडक आहे आणि तिला अपीलही नाही. गहू, तांदूळ, ज्वारी, डाळी बंद, वरई चालते. वरई गवताच्याच कुळातली आहे, ज्वारीची नातलग आहे, हे सांगून कोणाचं मन वळणार नाही, आणि वळवायचंही कारण नाही. या यादीमागे एक निराळा निकष दिसतो. ऋषिपंचमीला तो उघड होतो: बैलाच्या कष्टाचं त्या दिवशी खायचं नाही. नांगर न लावता उगवलेलं देवभात चालतं, परसातल्या भाज्या चालतात. धान्याला 'तुझ्यासाठी कोण राबलं?' असं विचारणारी ही एवढी एकच वर्गवारी माझ्या माहितीत आहे. साबुदाणा ज्यापासून होतो तो कसावा, बटाटा आणि शेंगदाणा हे तिघेही मूळचे दक्षिण अमेरिकेतले असून उपासाच्या ताटात मानाने बसले, यावर पुष्कळ विनोद झाले आहेत. मला त्यात विनोदापेक्षा धोरण दिसतं. जुन्या यादीत ज्यांच्यावर बंदीच नव्हती, त्यांना आत यायला वाट मोकळी होती.

आता त्या यादीकडे येतो जिचं वजन सगळ्यात जास्त आहे. केंद्र सरकार बावीस पिकांना हमीभाव जाहीर करतं. त्यात कडधान्यं पाच: तूर, मूग, उडीद, हरभरा, मसूर. मटकी नाही. कुळीथ नाही, चवळी नाही, वाल नाही, घेवडा नाही. नगर-सोलापूर-साताऱ्याच्या हलक्या, उथळ रानात जी कडधान्यं तग धरतात, ती बहुतेक यादीबाहेर. कोरेगावच्या वाघ्या घेवड्याला भौगोलिक मानांकन मिळालं आहे, हमीभाव नाही. भरडधान्यांचंही असंच. एप्रिल २०१८ मध्ये राजपत्रातून ज्वारी, बाजरी, नाचणी, राळा, वरी, कोद्रा, सावा यांना 'पौष्टिक धान्य' असा दर्जा मिळाला. कुळाने गवत नसलेले राजगिरा आणि कुट्टूही त्यात आले, आणि भरडधान्यांत पूर्वी धरला जाणारा मका बाहेर राहिला. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झालं आणि 'श्री अन्न' हे नाव रूढ झालं. हमीभाव मात्र ज्वारी, बाजरी आणि नाचणीलाच राहिला. गौरवाच्या यादीत नाव आणि भावाच्या यादीत नाही, अशी राळ्या-वरीची अवस्था आहे.

सोयाबीनची गोष्ट याच्या उलटी. ते तेलबियांच्या यादीत आहे. भुईमुगाच्या दाण्यात जवळजवळ निम्मं तेल असतं. सोयाबीनच्या शंभर किलोंत अठरा-वीस किलो. बाकी पेंड, आणि तीही मुख्यतः कोंबड्यांच्या खाद्यात जाते. कुळाने कडधान्य, प्रथिनांनी सगळ्या कडधान्यांचा बाप, पण यादीत तेलबी. त्या यादीबरोबर हमीभाव आला, कारखाने आले, खरेदी आली, आणि मराठवाडा-विदर्भाच्या खरिपाचा नकाशा बदलला. मूग-उडदाची, ज्वारीची रानं सोयाबीनखाली गेली. शेतकऱ्याने वेडेपणा केला असं मी म्हणणार नाही. ज्या दाण्याला गिऱ्हाईक आणि भाव आहे तोच तो पेरणार. पण रकाना कुठे आखला याचा परिणाम किती दूर जातो, हे यातून दिसतं.

एक यादी मनाईचीही आहे. इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ पासून केलेल्या उत्खननात तीन हजार वर्षांपूर्वीचे जव, मसूर, कुळीथ यांच्याबरोबर लाखही सापडली. हीच लाख, पूर्व विदर्भातली लाखोळी, महिनोन्महिने मुख्य अन्न म्हणून खाल्ली तर पाय लुळे पडतात. १९६१ साली केंद्र सरकारने तिच्या विक्रीला मनाई केली. भंडारा-गोंदियाच्या धानाच्या बांध्यांत ती उरलेल्या ओलीवर उगवतच राहिली, कारण तिथे दुसरं काही इतक्या कमी कष्टात येत नाही. खाण्याजोगं आणि न खाण्याजोगं यांतली रेघ किती खाल्लं, किती दिवस खाल्लं आणि सोबत काय खाल्लं यावर सरकते. कच्चा राजमाही पोटाला बाधतो. तो नीट भिजवून खळखळून उकळला की कोणी त्याला विष म्हणत नाही.

हे सगळं समोर असताना पुस्तकाची प्रकरणं कशी लावायची, हा प्रश्न सोपा नव्हता. कुळांप्रमाणे लावली असती तर प्राध्यापक खूश झाले असते आणि बाकीच्यांना काजू आंब्याच्या पानावर शोधावा लागला असता. मी स्वयंपाकघराची मांडणी स्वीकारली आहे: पिठाचे दाणे, भाताचे दाणे, डाळीचे, मोडाचे, तेलाचे आणि नुसते तोंडात टाकायचे. त्यामुळे हरभरा आणि भुईमूग पुन्हा पुन्हा भेटतील. त्याला इलाज नाही. प्रत्येक दाण्याच्या नोंदीखाली त्याचं कूळ, हंगाम, बेवड आणि सरकारी यादीतली जागा दिली आहे. जिथे जागा नाही तिथे तसं स्पष्ट लिहिलं आहे.

वाचकांना एक विनंती. आपल्या भागात या पुस्तकात नसलेलं एखादं कडधान्य किंवा भरडधान्य अजून पेरलं जात असेल, एखाद्याच घरी जपलेलं असलं तरी, तर त्याचं गावातलं नाव, तालुका, पेरणीचा महिना आणि ते कसं शिजवतात एवढं प्रकाशकांच्या पत्त्यावर लिहून पाठवावं. जमल्यास मूठभर दाणे कागदाच्या पाकिटात घालावेत, प्लॅस्टिकच्या पिशवीत नकोत. ओल राहिली तर आत बुरशी धरते.